टेलरकाकांनी मला शिवलेला कोट

मी एक गाडी बोलतेय. दरवाजे चार, त्यातला एक आतून उघडत नाही. रंग कधीकाळी निळा होता. आता उन्हाने उडून तो कुठला झालाय, ते ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी ठरवावं. रस्त्याच्या कडेला बॉनेट वर करून वाफा सोडत उभी असलेली एखादी गाडी तुम्ही पाहिली असेल आणि "काय खटारा आहे" म्हणत पुढे गेला असाल. ती मीच असेन. मी मनाला लावून घेतलेलं नाही. माझ्या चांगल्या दिवसांत मीही अशांच्या शेजारून हॉर्न वाजवत गेलेली आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे लोखंडी हात वरून खाली यायचे, काहीतरी घट्ट करायचे आणि पुन्हा वर जायचे. माणसाचा हात मला अगदी शेवटी लागला. एकाने माझा दरवाजा उघडला, लावला, आवाज ऐकला आणि मान हलवली. मग तो माझ्या मागच्या गाडीकडे गेला. एवढ्यावर माझं माहेर संपलं.

सासर मिळालं ते डोंगरावरच्या गावात. तिथली थंडी अशी की सकाळी माझ्या काचेवर बर्फाची साय धरायची. मला घेतलं ते एका टेलरकाकांनी. खाली त्यांचं कोटांचं दुकान, वर घर. माझ्या मागच्या सीटवर त्यांनी एक दांडी आडवी बसवली होती, आणि तिला तयार कोट टांगून आम्ही गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला जायचो. वळणावर सगळे कोट एकदम एका बाजूला झुकायचे, जसे पाहुणे ऐकायला पुढे वाकतात. पुढे काकांच्या शेजारी काकू. दोघं सारखी भांडायची, पण आवाज चढवून नाही. शिवणाचं मशीन चालतं ना, तसं एका लयीत.

काकांनी माझ्या सीटांनाही कव्हरं शिवली. आणि प्रत्येक कव्हराच्या आतल्या बाजूला, कोटाच्या कॉलरला लावतात तसं, दुकानाचं नाव आणि फोन नंबर असलेलं लेबल टाचलं.

काकू म्हणाली, "हिला कोण पळवून नेणार आहे? आणि नेली तर लेबल वाचून परत आणून देणार आहे का?"

"माझ्या हाताखालून गेलेली वस्तू बिनलेबलाची जात नाही," काका म्हणाले.

आता माझ्या थंडीचं सांगते. इंजिनाला चालायला थोडी ऊब लागते. त्या गावात ती यायचीच नाही. माझा काटा तळाशी बसून राहायचा, हीटर सोडला की गार वारा यायचा, आणि काकूचे पाय काकडायचे. तिने एकदा चपला काढून पाय सीटवर घेतले. काकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी गळ्यातली टेप काढून त्यांनी माझ्या तोंडाचं माप घेतलं. लांबी, रुंदी, कोपऱ्यांची गोलाई. "इतक्या वर्षांत हललं नाही असं गिऱ्हाईक हेच पहिलं," असं स्वतःशीच म्हणाले.

आणि मला कोट शिवला. खरंच कोट. काळी जाड लोकर, आतून अस्तर, कडेने दुहेरी टीप, वर दोन हूक. माझ्या तोंडाशी दोन जाळ्या आहेत, पुढे एसीची आणि मागे रेडिएटरची. रेडिएटर म्हणजे माझं तापलेलं पाणी जिथे वाऱ्याने गार होतं ती जागा. या दोहोंच्या मध्ये बोटभर फट आहे. वरची पत्र्याची पट्टी काढून काकांनी कोट त्या फटीत सोडला, पट्टी परत बसवली. पुढून बघा, एसीची जाळी. मागून बघा, पंखा. मध्ये काही आहे असं वाटायचंही नाही. काकांना त्याचाच अभिमान. काम दिसलं तर ते काम कसलं, म्हणायचे.

वारा अडला, काटा वर आला, काकूच्या पायांना ऊब मिळाली. ती फक्त "हं" म्हणाली. काकांना तेवढं पुरलं.

थंडी ओसरली की ते न चुकता माझा कोट काढायचे, ब्रशने झटकायचे आणि आपल्या कपाटात हँगरला लावायचे.

"माझ्या कोटाला हँगर नाही आणि गाडीच्या कोटाला आहे," काकू म्हणायची.

"तू तुझा कोट अंगावरून काढशील तर हँगरला मिळेल ना."

असे दिवस गेले. मग एका थंडीत काका दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मांडीवर अर्धी झालेली बाही होती. मी दारातच उभी होते, काचेतून मला सगळं दिसत होतं. लोक जमले, माझ्या बॉनेटवर कुणी कुणी टेकून उभे राहिले. मग सपाटीवरच्या शहरात राहणारा मुलगा आला. त्याला परत जायची घाई होती. आईला गाडी चालवता येत नाही, मग हवी कशाला, असं तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. काकू वर बायकांत बसलेली. तिला कुणी विचारलं नाही, आणि मला तर कोण विचारणार. त्याने किल्ली फिरवली आणि आम्ही डोंगर उतरलो. खाली येता येता हवा बदलत गेली. कोट माझ्या अंगातच होता.

मी किती ओरडले असेन मनात, की अरे, कपाट राहिलं मागे. पण मला हॉर्न आहे, तोंड नाही. आणि हॉर्नही दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

पुढे जुन्या गाड्यांच्या आवारात उभी राहिले. तिथे रांगाच रांगा. सगळ्या पुसून लख्ख केलेल्या, आणि सगळ्या गप्प. लोक यायचे, दार उघडून वास घ्यायचे, टायरला लाथ मारायचे. लाथ मारून त्यांना काय कळतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

एके दिवशी भाऊ-बहीण आले. भाऊ थोरला, बोलायला पुढे. त्यानेही रिवाजाप्रमाणे टायरला लाथ घातली. बहीण मागे उभी होती. तिने माझ्या बॉनेटवर पालथा हात ठेवला, कपाळावर ठेवतात तसा. म्हणाली, "दादा, ही घेऊ या."

"अगं, चालवून तरी बघ."

"चालवते. पण घेऊ या."

ती नर्स होती. दवाखान्यातली नव्हे, दवाखान्याकडून घरोघरी जाणारी. ज्यांना उठून येता येत नाही त्यांची मलमपट्टी, इंजेक्शनं, आंघोळ. सगळे तिला सिस्टर म्हणत. इतकी वर्षं ती पिशवी खांद्याला लावून बसने फिरली होती. आता डोंगरपायथ्याच्या वस्त्याही तिच्या वाट्याला आल्या, आणि गाडी असेल तिलाच ती फेरी, असं ठरलं होतं.

पहिले काही महिने बरे गेले. हवा मऊ होती. पण ऊन तापायला लागलं तसा माझा काटा चढायला लागला. सपाटीवर कशीबशी निभावून न्यायचे, चढ लागला की संपलं. सिस्टरच्या फेरीत सगळ्यात शेवटचं घर एका आजोबांचं, लांब चढाच्या टोकाला. तिथे जाताना अर्ध्या वाटेवर माझ्या तोंडातून पहिल्यांदा वाफ निघाली.

सिस्टर घाबरली नाही. कडेला घेतलं, बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या तापलेल्या झाकणाला हात लावला नाही. शहाणी होती. एका मोठ्या झाडाची सावली होती, तिथे दार उघडं टाकून ती सीटवर बसून राहिली. मी गार व्हायची वाट बघत. आणि वाट बघता बघता बोलायला लागली.

मला वाटलं फोनवर बोलतेय. पण फोन पिशवीत होता.

"तुला पण आजच यायचा होता ताप," म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांना तापच."

त्या दिवसापासून आमचा परिपाठच झाला. अर्ध्या चढावर मी तापायचे, त्या झाडाखाली थांबायचं, ती बाटलीने पाणी घालायची आणि मी निवेपर्यंत बोलायची. माणसांत ती कमी बोले. रोग्यांकडे त्यांचंच ऐकायचं असतं, दादाकडे वहिनी आणि मुलं बोलत असतात, आणि वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझ्यापाशी तिला घाई नसायची. कुणाची आई रात्रभर हाका मारते, कुणाच्या सुनेने उशी बदलली नाही, लहानपणी तिला स्वतःला पोहायला शिकायचं होतं आणि राहिलंच. आजोबांच्या पायाची जखम का भरत नाही, हेही ती मलाच विचारायची. "साखर नाही, पू नाही, औषध बरोबर आहे. मग भरत का नाही?"

मला उत्तर यायचं नाही. पण विचारलं जात होतं, हेच मला नवं होतं.

काकांचा कोट मला आतून जाळत होता, हे मला कळत होतं. काकांचं माझ्यापाशी उरलेलं तेवढंच, हेही कळत होतं. खरं सांगू, तो निघावा असं वाटायचं आणि निघू नये असंही.

मग मेकॅनिककडे गेलो. भला माणूस, फक्त बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याने मला सुरू ठेवून पाइप दाबले, झाकण हुंगलं, म्हणाला, "थर्मोस्टॅट. पाणी सोडायचं का नाही हे ठरवणारा दरवान समजा, सिस्टर. दरवान झोपलाय." दरवान बदलला. दोन दिवसांनी मी परत झाडाखाली.

मग त्याने पंखा बघितला. पंखा फिरत होता. रेडिएटरमध्ये औषध घालून धुतला, पाणी स्वच्छ निघालं. पाण्याचा पंप बघितला, तो ठीक. तेलात पाणी मिसळलंय का, धूर पांढरा येतोय का, सगळं बघितलं.

"पाणी फिरतंय," तो डोकं खाजवत म्हणाला. "पण जसं तापलेलं जातं तसं तापलेलंच परत येतं. म्हणजे आता इंजिनच उघडायला हवं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली पट्टी, गेली असेल. आणि उघडल्यावर काय काय निघेल, ते मी आत्ता नाही सांगत. तुम्हाला झोप लागायला हवी."

तिकडे दवाखान्यातही बोलणं झालं होतं. फेरीला उशीर होतोय, लोक खोळंबतात. मेट्रनबाईंनी सांगितलं, सोमवारपर्यंत गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर फेरी दुसरीला आणि सिस्टरने तळघरातल्या चादरींच्या खोलीत बसायचं. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या करून कपाटात ठेवायच्या. बिनखिडकीची खोली, आणि माणूस एक नाही.

दादा आला तो ठरवूनच. मेकॅनिकच्या आवारात माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "भंगारवाला उद्या येऊन उचलून नेतो म्हणालाय. देऊन टाक."

"दादा, फेरी जाईल माझी."

"मग जाऊ दे. बसून काम मिळतंय, सावलीत. तुझ्या वयाला बरं आहे."

"माझ्या वयाला काय बरं ते तू सांगू नकोस. तू माझ्यापेक्षा मोठा आहेस."

मेकॅनिक हसला, दादाला हसू आलं नाही. पण पाय आपटत गेल्यावर तो फाटकाशी वळून म्हणाला, "पिशवी जड असेल तर घरी सोडायला येतो." असा होता तो.

सिस्टर माझ्यातलं सामान काढायला बसली. छत्री, पट्ट्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या. मी मनाची तयारी केली होती. जुन्या गाड्यांच्या आवारात असताना लोकांच्या तोंडून भंगाराच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आधी काचा काढतात, म्हणे.

तेवढ्यात तिने मेकॅनिकला विचारलं, "हिची आधीची हकीकत काय?"

"गाडीची कसली हकीकत?"

"आमच्याकडे पेशंट आला आणि दुखणं कळेना, तर आधी घरच्यांना विचारतात. पूर्वी काय होतं, काय खायचा, काय करायचा. हिच्या घरच्यांना आपण कुणी विचारलंच नाही."

"घरचे कुठून आणणार आता?"

सीटचं कव्हर उसवून वर आलं होतं, ते सरळ करताना सिस्टरचं बोट लेबलाला लागलं होतं. ती ते वाकून वाचत होती.

तिने फोन लावला आणि माझ्या डॅशबोर्डवर ठेवला, आवाज मोठा करून. बराच वेळ वाजला. मग काकूचा आवाज आला. माझ्या काचा थरथरल्या, पण इंजिन बंद असताना कोण लक्ष देतं.

"दुकान बंद झालं हो," काकू म्हणाली. "हे गेले. तुमचा कपडा राहिलाय का आमच्याकडे? दोन कोट आहेत अजून न नेलेले. एक तपकिरी आहे."

"कपडा नाही. तुमची गाडी माझ्याकडे आहे. निळी."

काकूने विचारलं, "कशी आहे?"

"ताप येतो तिला. चढावर फार. म्हणून विचारायचं होतं, तुमच्याकडे असताना तापायची का?"

"तापायची? छे गं. गारठून जायची. म्हणून तर यांनी कोट शिवला ना तिला." आणि मग, "काढलात ना तुम्ही तो?"

"कोणता कोट?"

काकूने सगळं सांगितलं. कुठली पट्टी, कुठले स्क्रू, हूक कुठे. मग म्हणाली, "यांनी काढला असता वेळेवर. मुलगा घेऊन गेला तेव्हा मी वर होते. मला वाटलं, जो घेईल तो बघून घेईल. कोट अंगात ठेवून कुणी उन्हात फिरतं का?"

मेकॅनिकने पट्टी काढली, फटीत दोन बोटं घातली आणि ओढला. काळा, नीट, माझ्या मापाचा. धुळीने पांढरा पडलेला, एका कोपऱ्याला करपलेला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "मी या जाळीवर हात ठेवून उभा होतो, सिस्टर. तीनदा. आत असं काही असेल असं वाटलंच नाही. टीप बघा की." मग हळू म्हणाला, "पंख्यामागे नुसता हात धरला असता तरी कळलं असतं, वाराच येत नाही."

वारा माझ्या अंगातून आरपार गेला. गार वाटलं. आणि उघडं वाटलं, तेही खरं.

सोमवारी आम्ही चढ चढलो. झाड आलं. काटा मध्यावर. सिस्टरने माझा वेग जरासुद्धा कमी केला नाही. झाड मागे गेलं. फेरी तिची राहिली, चादरींच्या घड्या दुसरी कुणी करत असेल. भंगारवाल्याला दादानेच परत पाठवलं, वर "मी म्हटलंच होतं इंजिन चांगलं आहे" असंही सांगितलं. कोट सिस्टरने धुऊन, करपलेला कोपरा रफू करून, काकूला पार्सलने पाठवला. पोचल्याचा फोन तिने खोलीत घेतला. काकू काय म्हणाली, ते मला कळलं नाही.

आता मी वेळेवर पोचते. म्हणून एके दिवशी सिस्टर आजोबांच्या घरी लवकर पोचली. आजोबा दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, पाय पुढे घेऊन, वाकून. तिला पाहून त्यांनी हात पटकन मागे घेतले. पट्टी सुटलेली होती.

सिस्टर त्यांच्यासमोर खाली बसली. "पट्टी कोण सोडतं, आजोबा?"

"वाऱ्याने सुटते."

"वाऱ्याला गाठ सोडता येते?"

आजोबांनी पट्टीचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "भरली की तू यायची नाहीस."

सिस्टरने जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. सावकाश बांधली. मग विचारलं, "चहा करता येतो का तुम्हाला?"

"येतो. वाईट येतो."

"गुरुवारी मला दुपारनंतर सुट्टी असते. मी येईन. पण पायाला हात लावायचा नाही."

"साखर किती घालू?"

"घाला तुमच्या मनाने."

आता दर गुरुवारी ती त्यांच्याकडे जाते. जखम भरत आली. दोघं आत बसतात, मी बाहेर. हसण्याचा आवाज येतो कधी कधी. मला बरं वाटतं, वाटायलाच हवं. परतताना ती गाणं लावते, खिडकी खाली करते, आणि झाडापाशी तिचं लक्षही नसतं. माझ्याशी ती त्यानंतर बोललेली नाही. बोलणार कशी? मला कुठे काय झालंय? एकदोनदा मनात आलं, की आपणही जरा तापावं. पण वारा आरपार जातो, काटा हलत नाही. खोटं तापणं मला जमत नाही. आजोबांना पट्टी सोडता आली, मला सोडायला काही नाही.

तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी असेल, तर एवढं करा. तिचा काटा मध्यावर असला तरी, घरी पोचल्यावर लगेच उतरू नका. किल्ली फिरवून बंद करा आणि थोडं बसा. दिवसभरातलं एखादं काही सांगा. आम्ही ते पुढे कुणाला सांगत नाही.

संध्याकाळ झाली आहे. सिस्टरने दार लावलं, ओढून बघितलं आणि पिशवी सावरत वर गेली. जिन्यातला दिवा लागला आणि विझला. मी आता गार होतेय. गार होताना माझ्या आतून टक, टक असा बारीक आवाज येतो. कुणी जवळ उभं असेल तर ऐकू येईल एवढाच. थोडा वेळ येत राहतो, मग त्यातलं अंतर वाढत जातं.